सिटाडेलच्या जुन्या नावांच्या रंगांना आज कोणते पर्याय वापरावेत?

आपल्याकडे वॉरहॅमरची, म्हणजे लहान मूर्तींच्या (मिनिएचर) सैन्याने टेबलावर खेळायच्या युद्धखेळाची, एक जुनी रंगकाम-पुस्तिका आहे, तिच्यात ब्लीच्ड बोन, स्नेकबाइट लेदर, मेक्राइट रेड, डेव्हलन मड अशी नावे आहेत आणि त्यांपैकी एकही डबी आज दुकानात मिळत नाही, तेव्हा समतुल्य रंग कसे शोधावेत, असा आपला प्रश्न आहे. यात आपल्या शोधण्यात काही उणीव नाही. वॉरहॅमर आणि सिटाडेल रंग बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीने २०१२ मध्ये सिटाडेल रंगांची संपूर्ण मालिका नव्याने बाजारात आणली आणि बहुतेक सर्व नावे बदलली. केऑस ब्लॅकच्या जागी अबॅडॉन ब्लॅक आला, बोल्टगन मेटलच्या जागी लेडबेल्चर आला, ब्लीच्ड बोनच्या जागी उशाब्ती बोन आला.

मात्र नाव बदलले तेव्हा रंगाचे मिश्रणही बदलले, हे लक्षात ठेवणे फार आवश्यक आहे. मेक्राइट रेडसाठी जुन्या-नव्या रंगांच्या तक्त्यांत मेफिस्टन रेड सांगितलेला असतो. पण मेक्राइट विटकरीकडे झुकणारा, दबका लाल होता, तर मेफिस्टन त्याहून स्पष्टपणे उजळ आहे. अर्धी पलटण एका लालने आणि उरलेली दुसऱ्या लालने रंगवली, तर टेबलावर हा फरक हातभर अंतरावरूनही जाणवतो.

जुन्या सिटाडेलच्या सर्वांत जवळ जाणारी मालिका, माझ्या मते, स्पेनच्या वायेहो कंपनीची गेम कलर ही आहे. तिच्या मूळ छटा त्या जुन्या मालिकेशी बऱ्याच अंशी जुळत असत. ब्लीच्ड बोनसाठी बोन व्हाइट, स्नेकबाइट लेदरसाठी लेदर ब्राउन, ब्लड रेडसाठी ब्लडी रेड येथून सुरुवात करावी. परंतु गेम कलरचेही अलीकडे नव्याने मिश्रण झाले आहे, त्यामुळे जुन्या तक्त्यावर विसंबून एकदम दहा बाटल्या मागवू नयेत.

तक्ते आणि संकेतस्थळांवरील रंग-परिवर्तक फक्त छटेची तुलना करतात, आणि तीही बहुधा छायाचित्रावरून किंवा पडद्यावरच्या आकड्यांवरून. रंग किती झाकतो, वाळल्यावर मॅट दिसतो की त्यावर चकाकी राहते, पातळ केल्यावर एकसंध राहतो की फुटतो, हे त्यांत कोठेच येत नाही. म्हणून प्रत्येक रंगाबाबत प्रथम त्याचे काम विचारावे. काळ्या प्राइमरवर (रंगाआधी मारायच्या पहिल्या थरावर) एका-दोन हातांत बसणारा, पाया घालणारा रंग हवा असेल, तर छटा तंतोतंत जुळणाऱ्या पण पारदर्शक पिवळ्याचा काही उपयोग नाही. त्याऐवजी थोडा वेगळा पण चांगला झाकणारा पिवळा घेऊन त्यावर हवी ती छटा चढवणे सोपे जाते. धातूच्या रंगांत तर चमकदार कणांचा आकारच सर्व काही ठरवतो, आणि तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

खात्री करण्याची पद्धत साधी आहे. आपण मिनिएचरवर जो प्राइमर मारता तोच एका सुट्या बेसवर (मूर्तीखालच्या चकतीवर) मारावा, अर्ध्या भागावर जुना रंग आणि त्याला चिकटून उरलेल्या अर्ध्यावर नवा रंग, प्रत्येकी दोन पातळ हात द्यावेत आणि पूर्ण वाळू द्यावे. ओल्या ॲक्रिलिकमधील बंधक दुधाळ असतो व वाळताना पारदर्शक होतो, त्यामुळे रंग वाळल्यावर गडद होतो; ओल्या रंगावरून निर्णय घेतला तर तो हमखास चुकतो. मग पांढऱ्या जाड कागदाला छिद्र पाडून ते दोन्ही रंगांच्या सीमेवर ठेवावे, म्हणजे आजूबाजूच्या रंगांचा डोळ्यांवर परिणाम होत नाही. ही तपासणी खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात आणि पुन्हा रात्री आपल्या कामाच्या दिव्याखाली, अशी दोनदा करावी, कारण वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनवलेल्या दोन छटा एका प्रकाशात एकरूप आणि दुसऱ्यात वेगळ्या दिसू शकतात. जुनी डबी उरलेली नसेल, तर पूर्वी रंगवलेली एखादी मूर्तीच शेजारी ठेवावी. मात्र तिच्यावर वार्निश असेल तर नमुन्यावरही तेच वार्निश मारूनच तुलना करावी.

फरक थोडाच राहिला, तर मिश्रण करावे. वायेहोच्या थेंब पाडणाऱ्या बाटल्यांचा येथे मोठा फायदा होतो, कारण चार थेंब लाल आणि एक थेंब तपकिरी असे प्रमाण वहीत नोंदवून पुन्हा तसेच्या तसे करता येते. सिटाडेलच्या झाकणाच्या डब्यांत ते जमत नाही. एका तुकडीला पुरेल इतके मिश्रण रिकाम्या बाटलीत एकदमच करून ठेवावे.

डेव्हलन मडचा प्रश्न वेगळा आहे, कारण तो वॉश, म्हणजे खाचांत साचून सावली दाखवणारा पातळ रंग आहे. त्याचा अधिकृत वारस अग्रॅक्स अर्थशेड असून त्याचेही मिश्रण २०२२ मध्ये बदलले. आर्मी पेंटर या कंपनीचा स्ट्राँग टोन हाही जवळचा पर्याय आहे. वॉशची चाचणी सपाट बेसवर करू नये. साखळीचिलखत, केस किंवा कापडाच्या चुण्या असलेल्या सुट्या भागावर तो लावून पाहावा, खाचांत किती साचतो आणि उंचवट्यांवर किती डाग ठेवतो ते तपासावे, आणि उंचवटे फारच मळकट होत असतील तर पाण्याऐवजी लाहमियन मीडियम (सिटाडेलचे रंगहीन पातळक) मिसळून तो पातळ करावा.