शिल्लक २७० रुपये

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यापासून तेच डोक्यात आहे. रग्बीला पंधरा जण लागतात, मैदानावर येतात सहा, आणि भांडण कशावरून, तर मोडत चाललेल्या तुमच्या क्लबच्या खात्यात उरलेल्या पैशांवरून. पोरं म्हणतात पार्टी करू. तू विचारतोस, काका, काय करू? अरे, आधी हिशेब लिही.

कलकत्ता फुटबॉल क्लब. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात इंग्लंड विरुद्ध बाकी सगळे (स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्सचे), एकेका बाजूला वीस-वीस, असा सामना झाला. त्या जोशात जानेवारी १८७३ मध्ये क्लब निघाला. नाव फुटबॉल, खेळ रग्बी. बघता बघता शंभरावर सभासद. चार-पाच वर्षांत सगळं आटोपलं. पलटण बदलून गेली, पोलो आणि टेनिसनं गडी पळवले, फुकटचा बार बंद झाला तशी गळतीच लागली. (मला विचारशील तर खरं कारण हेच शेवटचं!) कप्तान रॉथनी, चिटणीस रॉथनी, खजिनदारही रॉथनीच. यावरून काय ते समज. पण गड्याचा हिशेब चोख. बँकेत शिल्लक २७० रुपये. ते चांदीचे रुपये काढून वितळवले, त्यांचा कप घडवला, तीन मुठींचे तीन नाग, झाकणावर हत्ती, आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड त्याच कलकत्ता कपासाठी झुंजतात.

तू कप घडव असं म्हणत नाही मी. हिशेब म्हणतोय, हिशेब!

आमच्या कबड्डी मंडळाचा खजिनदार मी होतो. मंडळ मोडलं तेव्हा उरलेल्या पैशांचं मटण झालं. निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्याकडेच होती, घराला रंग काढला तेव्हा रद्दीत गेली. माझी बदली झाली होती, आई अंथरुणाला खिळलेली, वही कुणी मागितलीही नाही. तरी आज मंडळाचं साल विचारलं तर तिघं तीन सालं सांगतात. आणि एक जण चारचौघांत म्हणतो, पैसे यानंच खाल्ले. मी नाही खाल्ले रे. पण दाखवू काय?

तुला वाटेल म्हाताऱ्याचं तेच दळण. असू दे. क्लब मोडतोय यात लाज नाही, रॉथनीचाही मोडला.

रविवारी पासबुक घेऊन ये. पावत्या सापडतील तेवढ्या आण, नसतील त्या आठवून लिहू. आणि त्या सहा जणांपैकी एकाला सोबत आण, दुसरी सही लागेल. पोहे टाकतो.

तुझा,
काका