वाचकांचे प्रश्न : गाडीचा पातळ पत्रा आणि मिग वेल्डिंग

प्रश्न : स्टिक (काडीच्या) वेल्डिंगची सवय आहे, जाड अँगल-पट्ट्या नीट जोडता येतात. आता गाडीच्या तळाचा सडलेला पत्रा बदलायचा म्हणून मिग मशीन (गनमधून आपोआप पुढे येणारी वायर वितळवून जोडणारं) घेतलं. वायर ०.८ मिमीची आहे. मशीन अगदी कमीवर ठेवलं तरी भोकं पडतात, आणि जिथे पडत नाहीत तिथे वेल्ड नुसता वर बसल्यासारखा दिसतो. काय चुकतंय?

उत्तर : आड येतेय ती जुनी सवय. जाड लोखंडावर रेघ ओढत नेता येते, कारण आजूबाजूचा धातू उष्णता शोषून घेतो. गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते १ मिमी जाडीचा. त्याच्याकडे उष्णता मुरवायला धातूच नसतो. सलग रेघ दोन-तीन सेंटीमीटर गेली की पुढचा पत्रा आधीच लालभडक झालेला असतो आणि वितळून खाली गळतो. म्हणून इथे टाके घालायचे. गनचा ट्रिगर सुमारे एक सेकंद दाबा, सोडा, लाली पूर्ण विझू द्या. पहिले टाके २५ ते ३० मिमी अंतरावर घाला. मग प्रत्येक दोन टाक्यांच्या मधोमध एक, पुन्हा त्यांच्या मधोमध एक, असं करत फट भरत आणा. लागोपाठचे दोन टाके शेजारी-शेजारी घालू नका, जोडाच्या या टोकावरून त्या टोकाला जा.

मशीन अगदी कमीवर ठेवणं हीच वेल्ड वर बसण्यामागची चूक आहे. टाका थंड पत्र्यावर सुरू होतो. करंट फार कमी असेल तर वायर वितळते, पण खालचा पत्रा वितळत नाही. वर ढेकूळ साचतं, ग्राइंडर फिरवला की जोड सुटतो. करंट थोडा वाढवा आणि वेळ कमी करा. टाक्याच्या मागच्या बाजूला बारीक उंचवटा दिसला पाहिजे.

वायरही बदला. ०.८ मिमी पत्र्याला ०.६ मिमी वायर योग्य, कारण ती ३० ते ४५ अँपिअरला स्थिर जळते. जाड वायर तेवढ्या करंटला अडखळते. वायरबरोबर कॉन्टॅक्ट टिप (गनच्या टोकाची तांब्याची नळी, जिच्यातून वायर बाहेर येते) ०.६ ची लावा आणि वायर ढकलणाऱ्या रोलरची ०.६ ची खाच वर घ्या, नाहीतर वायर घसरेल.

भोकांचं आणखी एक कारण जोडाच्या कडेत असतं. गंजलेल्या भागाची कड वरून चांगली दिसते, पण खालून खाल्लेली असते. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा आणि पत्रा पूर्ण जाडीचा लागेपर्यंत मागे कापा. हे कापायला मन धजत नाही, पण कागदासारख्या झालेल्या कडेवर कुणाचाही टाका टिकत नाही. टोकाला टोक भिडवताना फट वायरच्या जाडीपेक्षा जास्त नको. जास्त असेलच तर मागे तांब्याची पट्टी घट्ट धरा. वितळलेलं पोलाद तांब्याला सहसा चिकटत नाही, आणि पट्टी उष्णताही ओढून घेते.

प्रश्न : व्होल्टेज आणि वायरचा वेग कसा जुळवायचा? मशीनवरचा तक्ता पाळूनही फटफट आवाज येतो.

उत्तर : तक्ता फक्त सुरुवातीसाठी. गाडीच्याच जाडीचा टाकाऊ पत्रा स्वच्छ करून घ्या, व्होल्टेज एका जागी ठेवा आणि वेग हळूहळू वाढवा. वेग कमी असला की वायर मागे जळत टिपपर्यंत येते, टोकाला गोळी होते, आणि तुम्ही म्हणता तसा फटफट आवाज येतो. वेग जास्त झाला की वायर पत्र्याला टोचते आणि गन मागे ढकलली जाते. दोन्हींच्या मध्ये एकसारखी, बारीक तडतड ऐकू येते, तिथे थांबा. टिपपासून पत्र्यापर्यंत वायर ६ ते १० मिमी बाहेर राहू द्या. गन १० ते १५ अंश कलवून वेल्ड पुढे ढकलत न्या, म्हणजे तो चपटा बसतो आणि कमी खोल जातो. उभ्या जोडावर पातळ पत्र्यात वरून खाली या.

तरीही आवाज तुटक येत असेल तर मशीनचे खटके फिरवणं थांबवा आणि वायरचा रस्ता तपासा. झिजलेली टिप, धुळीने भरलेला लायनर (केबलमधली वायरची नळी), सैल अर्थ क्लॅम्प (करंट परत नेणारा, पत्र्याला लावायचा चिमटा), रंगावर लावलेला क्लॅम्प यांतलं काहीतरी नक्की सापडेल. पोलॅरिटीही, म्हणजे गन पॉझिटिव्हला जोडली आहे की निगेटिव्हला, बघा. गॅसबरोबरच्या साध्या वायरला गन पॉझिटिव्ह लागते. बिनगॅसच्या फ्लक्स वायरला (आत संरक्षक पूड भरलेल्या) बहुधा निगेटिव्ह.

प्रश्न : वेल्डमध्ये बारीक छिद्रं राहतात.

उत्तर : गॅस पोहोचत नाही, किंवा पत्रा घाण आहे. आर्गॉनमध्ये १५ ते २० टक्के कार्बन डायऑक्साइड असलेलं मिश्रण, मिनिटाला ८ ते १२ लिटर. वाऱ्याची झुळूकही हे आवरण उडवते, पण म्हणून प्रवाह भरमसाट वाढवलात तर गॅस घुसळून हवा आत ओढतो. नोझलमधले शिंतोडे काढा. रंग, गंज, सीलंट आणि जस्ताचा थर जोडाच्या दोन्ही अंगांनी निदान २० मिमी घासून काढा, पत्र्याच्या मागच्या बाजूनेही.

प्रश्न : दरवाज्याच्या पत्र्यावर पॅच लावला, आता तो भाग लाटेसारखा झालाय. ओल्या फडक्याने थंड करत होतो.

उत्तर : वेल्ड थंड होताना आकसतो आणि शेजारचा पत्रा ओढतो. वेल्ड घासून जवळपास सपाट करा, मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरा आणि वेल्डवरच हलके ठोके द्या. आकसलेला धातू त्याने पुन्हा पसरतो. ठोके शेजारच्या फुगलेल्या पत्र्यावर देऊ नका, तो आणखी पसरेल. फडकं बाजूला ठेवा. पाणी जोडात शिरून पुढचा टाका बिघडवतं, शिवाय वेल्ड एकदम थंड होऊन कडक होतो आणि ठोकायला जड जातो. घासतानाही फ्लॅप डिस्क (ग्राइंडरची पॉलिशपेपरच्या पाकळ्यांची चकती) एका जागी रेंगाळली की पत्रा तापून पुन्हा वाकतो. पुढच्या वेळी जोड मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर न घेता घडीजवळ किंवा कडेजवळ घ्या. तिथला पत्रा मुळातच ताठ असतो.

प्रश्न : कारखान्यातल्या स्पॉट वेल्डच्या जागी काय करावं?

उत्तर : प्लग वेल्ड, म्हणजे वरच्या पत्र्यातलं भोक वेल्डने भरून तो खालच्या पत्र्याला जोडणं. वरच्या पत्र्याला ६ मिमीचं भोक पाडा, दीड मिमीच्या आसपास जाड असेल तर ८ मिमीचं. दोन्ही पत्रे व्हाइस ग्रिपने (आवळून राहणाऱ्या पकडीने) भोकाच्या अगदी जवळ आवळा. मध्ये हवा राहिली तर जोड फसतो. आर्क भोकातून दिसणाऱ्या खालच्या पत्र्यावर सुरू करा आणि गोल फिरवत कडेपर्यंत, न थांबता भरा. मूळ स्पॉट मोजा आणि निदान तेवढे प्लग घाला. आधी टाकाऊ पत्र्यावर दोन-तीन करून छिन्नीने उपटून बघा. चांगला प्लग निघताना खालच्या पत्र्याचा तुकडा बरोबर घेऊन जातो. अलगद सुटला तर करंट कमी होता.

पिलर (छत पेलणारे खांब) आणि सिल (दरवाज्याखालची पेटीसारखी पट्टी) यांच्या आतली मजबुती बऱ्याच नव्या गाड्यांत उच्च ताकदीच्या पोलादाची असते. तापवल्याने तिची ताकद जाते. तिथे उत्पादकाच्या दुरुस्ती पुस्तिकेत परवानगी नसेल तर वेल्डिंग करू नका.

प्रश्न : गाडीवर काम सुरू करण्याआधी कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : बॅटरीच्या तारा काढा. अर्थ क्लॅम्प जोडाच्या जवळ, उघड्या धातूवर लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून किंवा इलेक्ट्रॉनिक्समधून जाणार नाही. पत्र्याच्या पलीकडे हात घालून बघा : गालिचा, वायरिंग, इंधनाची नळी, ब्रेकची नळी, अंडरकोटिंग. जे निघतं ते काढा. सीटबेल्ट टेन्शनर (अपघातात पट्टा आवळणारा भाग) किंवा एअरबॅग जवळ असेल तर पुस्तिकेनुसार आधी तो काढा. आग बहुतेकदा मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी धुमसते. अग्निशामक हाताशी ठेवा आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास गाडीजवळ थांबा.

जस्ताच्या धुराने काही तासांनी थंडी-ताप येतो, म्हणून हवा खेळती ठेवा आणि धातूच्या धुरासाठीचा मास्क वापरा. सर्वांत महत्त्वाचं : क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून त्यावर कधीही वेल्डिंग करू नका. आर्कच्या उष्णतेने आणि किरणांनी त्याचा फॉसजीन हा विषारी वायू होतो, आणि अगदी थोडाही फुप्फुसांना पुरतो. अ‍ॅसिटोनने पुसा, पूर्ण सुकू द्या, आणि डबा व फडकं कामाच्या जागेपासून लांब नेऊन ठेवा.