खो-खोचे फोटो धूसर का येतात?

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी ठाण्यात शालेय संघातून खो-खो खेळते. सामने बहुधा संध्याकाळी, कधी उघड्या मैदानावर प्रकाशझोतात, तर कधी बंदिस्त सभागृहात मॅटवर असतात. जुना डीएसएलआर कॅमेरा आणि ५५-२५० मिमी लेन्स घेऊन मी पायऱ्यांवर बसते व ऑटोवर फोटो काढते. पण मुलगी धूसर तरी येते किंवा पाठमोरी तरी. सभागृहातले काही फोटो उगाचच पिवळट येतात. शिवाय पालकांच्या ग्रुपवर सगळे फोटो टाकल्यावर एका आईने नाराजी दाखवली. माझे कुठे चुकते?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : कॅमेरा बदलण्याआधी आपण बसण्याची जागा बदलावी, असे मी आग्रहाने सांगेन. पाठलाग करणाऱ्या खेळाडूला दोन खांबांच्या मधून मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशाही खांबाला वळसा घालेपर्यंत बदलता येत नाही. म्हणजे ती कुठे येणार, हे खेळाचा नियमच आपल्याला आधी सांगून ठेवतो. म्हणून पंचांची परवानगी घेऊन एका खांबामागे, मैदानाभोवतीची मोकळी पट्टी सोडून, जमिनीवर बसा. पाठलाग चुकवणारी मुलगी बसलेल्या खेळाडूंमधून साखळी पद्धतीने, म्हणजे नागमोडी येत असेल, तर ती आपल्याकडे तोंड करून येते. खांबाजवळ हुलकावणी आणि सूर मारून गडी बाद करण्याचा प्रयत्न, दोन्ही समोर घडतात. पायऱ्यांवरून वरून घेतलेल्या फोटोत मुले बुटकी दिसतात आणि चेहरे हरवतात.

आता धूसरपणाविषयी. सेकंदाला ६ मीटर धावणारी मुलगी १/१२५ सेकंदात जवळपास ५ सेंटीमीटर पुढे सरकते, तर १/१००० सेकंदात अवघे ६ मिलिमीटर. कमी उजेडात ऑटो १/१२५ सारखा शटरचा संथ वेग निवडतो आणि हात-पाय पुसले जातात. त्यामुळे शटर प्रायॉरिटी (शटरचा वेग आपण ठरवण्याचा पर्याय) वापरून वेग १/८०० ते १/१००० ठेवा, आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा आणि हलत्या वस्तूवर सतत फोकस धरणारा पर्याय निवडा. कॅननमध्ये त्याला एआय सर्वो, निकॉनमध्ये एएफ-सी म्हणतात. अशा लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र लांबच्या (२५० मिमीच्या) टोकाला एफ ५.६ पेक्षा मोठे होत नसल्याने आयएसओ ६४०० पर्यंत चढेल आणि फोटोत रवाळपणा दिसेल. तो खुशाल दिसू द्या. रवाळ फोटोत लेकीच्या डोळ्यांतली ईर्षा दिसते. पुसलेल्या फोटोत ती पुन्हा आणता येत नाही. एवढे करूनही फोटो काळेच येऊ लागले, तर वेग १/५०० वर आणा आणि ती वळण्यासाठी क्षणभर थबकते तेवढा क्षण टिपा. फ्लॅश मात्र वापरू नका, कारण धावत्या मुलीचे डोळे दिपले तर ती खांबावर आदळू शकते.

पिवळटपणा आपल्या हातून होत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण १/१००० चा फोटो नेमका मंद क्षणी पडला की रंग बदलतो. कॅमेऱ्यात दिव्यांची ही लुकलुक टाळणारी अँटी-फ्लिकर सोय असल्यास ती सुरू करा. नसल्यास तीन-चार फोटो सलग घेऊन त्यांतला बरा ठेवा.

शेवटच्या प्रश्नाबाबत मी त्या आईच्या बाजूने आहे. दुसऱ्यांच्या मुलींचे फोटो काढण्यापूर्वी प्रशिक्षकांमार्फत पालकांना विचारायला हवे होते. पडलेल्या, रडणाऱ्या किंवा कपडे अस्ताव्यस्त झालेल्या मुलीचा फोटो कितीही उत्तम आला, तरी तो काढून टाकावा, आणि मुलीचे नाव व शाळा लिहून कुठलाच फोटो समाजमाध्यमांवर जाऊ नये. ग्रुपवर संघाचा एखादा एकत्रित फोटो पुरे. बाकीचे ज्याचे त्याला पाठवा. त्या आईला ग्रुपवर खुलासा देत बसू नका, मैदानावर प्रत्यक्ष भेटा, आणि भेटण्याआधी तिच्या मुलीचे फोटो ग्रुपवरून काढलेले असू द्या.