धुतलेला डबा काही सांगत नाही
(वाचकांचे प्रश्न : पाळणाघर)

प्रश्न : माझी मुलगी १७ महिन्यांची आहे. सकाळी ९ ते संध्याकाळी साडेसहा ती सोसायटीतल्याच पाळणाघरात असते. तिथे एक ताई, मदतीला एक मावशी आणि मुलं नऊ. ताई स्वभावाने चांगल्या आहेत. पण घरी आणते तेव्हा डायपर ओथंबलेला असतो, महिन्यात दुसऱ्यांदा रॅश उठलीय. डबा रिकामा येतो, तरी घरात पाऊल टाकताच ती खायला मागते. रात्री बारापर्यंत झोपत नाही. विचारलं की, "सगळं नीट आहे हो, मस्त खेळते," एवढंच उत्तर. जास्त बोललं तर राग मुलीवर निघेल अशी धास्ती वाटते. सासूबाई म्हणतात, पाळणाघरच बदल. काय करू?
— एक आई, पुणे

उत्तर : बदलायचं की नाही ते पंधरा दिवसांनी ठरवा. तुमच्या तीन तक्रारी वेगवेगळ्या आहेत, तिन्हींची कारणंही वेगळी आहेत. त्या एका दमात "तुमचं लक्ष नसतं" म्हणून सांगितल्यात, तर ताईंना तेवढंच ऐकू येईल.

आधी डायपर, कारण दुखतंय ते तिथे. हल्लीचे डायपर वरून कोरडे लागतात. मावशी बाहेरून हात लावून बघतात, कोरडा वाटला की राहू देतात. आतली त्वचा मात्र दमट असते, आणि त्यात शी झाली की शीतले पाचकरस आणि लघवी मिळून ती सोलवटते. म्हणून कोरडा वाटला तरी दर दोन-तीन तासांनी बदल, शी झाली की लगेच. दुसरं कारण बऱ्याचदा घरचंच असतं : कितीतरी पालक दिवसाला दोनच डायपर देतात, त्यामुळे मावशींना जपून वापरायची सवय लागलेली असते. तुमच्या वेळेत साडेअकरा, दीड (झोपण्याआधी), चार (उठल्यावर) आणि सहा असे चार बदल बसतात. चार आणि वर दोन जादा, असे सहा द्या. प्रत्येकावर पुढच्या बाजूला मार्करने १, २, ३, ४ असे आकडे घाला आणि ते ताईंना सांगूनच करा : "ताई, नंबर घातलेत, म्हणजे मावशींनाही लक्षात ठेवायला नको." संध्याकाळी अंगावर ४ असेल तर ठीक. २ असेल तर वाद घालायला काही उरत नाही.

रॅश असेपर्यंत सुगंधी वाइप्स बंद. कोमट पाण्याने धुवायचं, मऊ सुती कापडाने टिपायचं, चोळायचं नाही, आणि मग झिंक ऑक्साइडचं क्रीम जाड थरात लावायचं. क्रीमची ट्यूब आणि चार-पाच सुती रुमाल पिशवीत द्या. दिलं नाहीत तर हे घडणार नाही. लाली जांघेच्या वळ्यांत असेल आणि कडेला सुटे लाल ठिपके दिसत असतील तर ती बहुधा बुरशी असते. ती झिंकने जात नाही, डॉक्टरांना दाखवा.

आता डबा. रिकामा डबा म्हणजे मुलीने खाल्लं असं नव्हे. उरलेलं टाकून दिलेलं असू शकतं, शेजारच्या मुलाने संपवलेलं असू शकतं. मावशी चांगुलपणाने डबा धुऊन देतात आणि पुरावा सिंकमध्ये वाहून जातो. त्यांना एवढंच सांगा : "मावशी, डबा धुऊ नका, उरलं असेल तसंच पाठवा." "खाल्लं का?" या प्रश्नाला उत्तर नेहमी "हो" येतं. "किती उरलं?" विचारलं की आठवावं लागतं. एका मोठ्या डब्याऐवजी तीन छोटे द्या, झाकणावर वेळ लिहा : १० फळ, साडेबारा वरणभात किंवा खिचडी, साडेचार पोहे, शिरा असं काहीतरी. या वयाला एका जेवणाला २५० मिलीच्या कपाने पाऊण ते एक कप पुरतं. जेवणाआधी दूध कधी दिलं जातं तेही विचारा. साडेअकराला बाटलीभर दूध प्यायलेलं मूल साडेबाराला तोंड उघडत नाही, आणि मग "जेवतच नाही हो ही" सुरू होतं. साडेचारला खाऊन साडेसहाला भूक लागणं मात्र साहजिक आहे, तेवढ्यावरून कुणाला दोष देऊ नका.

झोपेचं गणित सोपं आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. दुपारी एक ते पाच झोपली तर रात्री बारा वाजणारच. पण मुलं झोपतात तेवढ्याच वेळात मावशींचं जेवण आणि भांडी उरकतात, हेही ध्यानात घ्या. "झोपवू नका" म्हणालात तर जमणार नाही. "साडेतीनला पडदा उघडून तिला तेवढी उठवा, खाऊ तिला पहिली द्या," हे जमतं.

हे सगळं संध्याकाळी दारात उभं राहून बोलू नका. तेव्हा तीन पालक चपला शोधत असतात, मावशी दमलेल्या असतात, पोर कडेवर रडत असतं. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नको. ताईंना मेसेज करा : "ताई, उद्या दोननंतर, मुलं झोपली की दहा मिनिटं फोन करू का? तिच्या डायपरचं आणि झोपेचं जरा बोलायचंय." त्याआधी पाच दिवस वहीत टिपून ठेवा : घरी आल्यावर डायपर कसा होता, रॅश कुठे, किती वाजता झोपली. फोनवर तारखा सांगा, विशेषणं नकोत. "सोमवारी आणि बुधवारी साडेसहाला डायपर गळत होता" यावर ताई मावशींशी बोलू शकतात. "तुम्ही नीट बघत नाही" यावर कुणीच काही करू शकत नाही. मावशींना परस्पर बोलू नका. त्या ताईंच्या हाताखाली काम करतात, दोन्हीकडून बोलणी खातील. फोन झाल्यावर ठरलेलं चार ओळींत मेसेजवर लिहून ठेवा.

राग मुलीवर निघण्याची भीती बहुतेक आईवडिलांना असते. तिचा पडताळा घेता येतो. बोलणं झाल्यावर एखाद्या दिवशी साडेअकराला न सांगता जा. दार लगेच उघडलं, मुलं जागी, हसती-खेळती दिसली, तर भीती कमी करा. "आधी फोन करून या," असा नवा नियम तुमच्या फोननंतरच निघाला, तर मात्र सासूबाईंचं ऐका. पंधरा दिवसांत आकडा २ वरच अडकला तरीही.

एका गोष्टीसाठी मात्र पंधरा दिवस थांबायचं नाही. संध्याकाळी मूल जड पेंगुळलेलं असेल, हाक मारून, हलवून नीट जागं होत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. झोपावं म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध पाजण्याचे प्रकार होतात. ताईंना सरळ विचारा, आणि "लेखी चिठ्ठीशिवाय कुठलंही औषध द्यायचं नाही" हे आजच कळवून टाका.

प्रश्न : दोन वर्षांच्या मुलाच्या दंडावर चावल्याची खूण आली. कोणी चावलं ते ताई सांगत नाहीत.
— एक बाबा, ठाणे

उत्तर : नाव सांगत नाहीत ते बरोबरच आहे. सांगितलं की दोन घरांत भांडण लागतं, आणि उद्या तुमचाही मुलगा चावेल. दीड-दोन वर्षांची मुलं खेळण्यावरून चावतातच. विचारायचं ते हे : किती वाजता, खोलीत मोठं माणूस कोण होतं, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुतली का, तुम्हाला लगेच का कळवलं नाही. कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवा.

गुडघे, नडगी, कपाळ इथले टेंगूळ-व्रण बहुतेकदा धडपडीचे असतात. कान, मान, पोट, कुल्ले इथल्या वळांचं समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर तारखेसकट फोटो काढा, डॉक्टरांकडून नोंद करून घ्या आणि मुलाला तिथे परत पाठवू नका. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

प्रश्न : कंपनीच्या पाळणाघरात दिवसातून एकदाच भेटू देतात. मूल अजून अंगावर पितं.
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं, ही तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आली, सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती आहे. विश्रांतीची सुट्टी या चार भेटींतच धरली जाते, ती वेगळी मिळत नाही. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंशी हुज्जत घालू नका, भेटी ठरवणं त्यांच्या हातात नसतं. एचआरला ईमेल करा आणि त्यात चारही वेळा तुम्हीच सुचवा, उदाहरणार्थ ११, १, ३ आणि ५. वेळा दिल्या की "बघू" म्हणून टाळता येत नाही.