जुन्या कॅमेऱ्यांवरून कीर्तनाचे थेट प्रक्षेपण

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या पारायण सप्ताहातील कीर्तने पुणे, मुंबई आणि गोव्यात नोकरीला असलेल्या गावकऱ्यांना घरबसल्या पाहता यावीत, अशी आमची इच्छा आहे. लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या गावातील एका तरुणाकडे तीन जुने एचडी कॅमेरे आणि चार इनपुटांचा व्हिडिओ मिक्सर आहे. एवढ्यावर भागेल, की नवे कॅमेरे घ्यावे लागतील?

उत्तर : नवे कॅमेरे मुळीच घेऊ नका. तिन्ही कॅमेऱ्यांतून निवडलेले एकच चित्र मिक्सरमधून बाहेर पडते, आणि लग्नात ते ज्या केबलने एलईडी पडद्याकडे जाते, तिच्यातूनच ते यूएसबी कॅप्चर कार्डाद्वारे (बाहेरचे व्हिडिओ चित्र लॅपटॉपमध्ये घेणारे छोटे उपकरण) लॅपटॉपमध्ये घेता येते. म्हणजे कार्ड एकच पुरते. मात्र मिक्सरचे आउटपुट एचडीएमआय आहे की एसडीआय (व्हिडिओ केबलच्या जोडणीचे दोन वेगळे प्रकार), हे आधी पाहावे, आणि ते १०८०आय (एकाआड एक ओळी पाठवून चित्र बनवणारी पद्धत) असेल तर कार्ड ते स्वीकारते का, याची दुकानातच मिक्सर जोडून खात्री करावी. लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ हे थेट प्रक्षेपणाचे मोफत सॉफ्टवेअर घालावे व कॅमेरे पाल (PAL, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या) पद्धतीचे असल्यास ओबीएसमधील फ्रेमचा वेग ३० ऐवजी २५ ठेवावा, नाहीतर हालचाल अडखळते.

वाचलेले पैसे आणि लक्ष आवाजाला द्यावे, असे मला मनापासून वाटते. मंडपात पखवाज आणि टाळ माइकशिवायही घुमतात, म्हणून साउंडवाला त्यांची पातळी कमीच ठेवतो. तोच आवाज जसाच्या तसा पाठवला, तर दूरच्या श्रोत्याला कीर्तनकार तेवढे ऐकू येतात आणि मागची साथ हरवते. साउंड मिक्सरच्या ऑक्झिलरी आउटपुटवरून (मंडपातील आवाजापेक्षा वेगळ्या पातळ्या ठेवता येणारे जादा आउटपुट) प्रक्षेपणासाठी वेगळा आवाज बांधून घ्यावा. तो लॅपटॉपला थेट दिल्यास चित्राच्या किंचित आधी पोहोचतो. कॅमेऱ्यासमोर एकदा टाळ वाजवून पाहावा आणि ठोका जुळेपर्यंत ओबीएसमध्ये आवाज काही मिलिसेकंद मागे सरकवावा.

चित्र ७२०पी (साध्या एचडी स्पष्टतेचे) ठेवल्यास इंटरनेटचे सुमारे ३ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लागतात, परंतु अपलोडचा वेग त्याच्या दुप्पट असावा. गर्दी जमली की मोबाइल टॉवरवर ताण येतो, त्यामुळे दुपारी केलेल्या चाचणीवर विसंबू नये; मंडपापासून १०० मीटरच्या आत कोणाकडे फायबरची जोडणी असेल, तर तिथून लॅनची केबल ओढणे उत्तम. यूट्यूबवर थेट प्रक्षेपणाची सोय प्रथम सुरू होण्यास २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून ते काम सप्ताहाच्या आदल्या आठवड्यातच उरकावे.