‘डिस’ आणि उणीदुणी

प्रश्न असा: केंड्रिक लामार आणि ड्रेक या रॅपरांच्या भांडणाच्या बातम्यांत ‘डिस ट्रॅक’ला कुणी ‘विडंबनगीत’ म्हणतं, कुणी ‘निषेधगीत’. यातलं बरोबर कोणतं? आणि हे ‘डिस’ म्हणजे ‘डिस्क’चं लघुरूप का?

डिस्कचा इथे काडीचा संबंध नाही. ट्रॅक म्हणजे ध्वनिमुद्रित गाणं, ते सगळ्यांना ठाऊक आहे; आणि डिस ट्रॅक म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पाणउतारा करायला रचलेलं गाणं. निषेध मोर्चात करतात, त्यालाही रजा देऊ. पण ‘विडंबनगीत’ वाचलं की माझं डोकं फिरतं. विडंबन म्हणजे दुसऱ्याच्या रचनेची चाल, घाट, लकब उचलून तिची केलेली गंमत. केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांनी, ‘झेंडूची फुले’मध्ये रविकिरण मंडळाच्या वळणाच्या कवितांची केली ती. डिस ट्रॅकमध्ये समोरच्याच्या चालीला हातही लावला नाही तरी चालतं. तिथे कविता सोलायची नसते, कवी सोलायचा असतो. म्हणूनच महागाईवर, खड्ड्यांवर किंवा सासूबाईंवर रील केलं की त्याला ‘डिस ट्रॅक’ म्हणणारेही चूकच. समोर नावागावाचा प्रतिस्पर्धी पाहिजे, आणि तो उलट उत्तर देईल अशी धास्ती पाहिजे. खड्डा काय उत्तर देणार?

नमुनाच हवा तर १९८४ सालचा घ्या. न्यू यॉर्कच्या यूटीएफओ या चमूचं एक गाणं होतं. रॉक्सॅन नावाची एक कल्पित मुलगी आपल्याला भावच देत नाही, अशी तिघा रॅपरांची कुरकुर. त्यावर क्वीन्सब्रिज वसाहतीतली एक शाळकरी पोरगी ‘ती रॉक्सॅन मीच’ म्हणून उभी राहिली, मार्ली मार्ल या निर्मात्याच्या घरात बसून तिघांचीही एकेक करून सालटी काढली, आणि ‘रॉक्सॅन शांटे’ याच नावानं पुढे गाजली. मग त्या उत्तराला उत्तर, त्याला प्रत्युत्तर, अशी रॉक्सॅन-गाण्यांची रांगच लागली. आपल्याकडे २०१८ मध्ये मुंबईचा एमिवे आणि रफ्तार या रॅपरांची हिंदीतून जुंपली होती, तीही याच जातीची.

आता ‘डिस’. हे ‘डिसरिस्पेक्ट’चं छाटलेलं मुंडकं आहे. १९८०च्या आसपास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या बोलीतून ते रॅपमध्ये आणि तिथून जगभर गेलं. ‘डिसरिस्पेक्ट हे क्रियापद नव्हेच’ असं नाक मुरडून सांगणाऱ्या इंग्रजीच्या मास्तरांना कळवा की क्रियापद म्हणून ते १७व्या शतकापासून वापरात आहे. माझं मन रमतं ते वेगळ्याच गोष्टीत. ‘रिस्पेक्ट’मध्ये लॅटिनचा ‘स्पेक’ आहे, म्हणजे पाहणं. आपल्या संस्कृतातल्या ‘पश्य’चा आणि ‘स्पश’चा तो सख्खा. स्पश म्हणजे हेर, पाहणारा. माघानं शिशुपालवधात ‘अपस्पशा’ या शब्दावर श्लेष केला आहे: हेरांवाचूनची राजनीती आणि पतंजलीच्या महाभाष्यातल्या ‘पस्पशा’ या प्रास्ताविक प्रकरणावाचूनचं व्याकरण, दोन्ही शोभत नाहीत. (हा शिशुपालही शिव्या देण्यातलं मोठं नाव. त्याच काव्याच्या सोळाव्या सर्गात त्याचा दूत येऊन जे बोलतो त्याचा एक अर्थ क्षमायाचना आणि दुसरा सणसणीत अपमान. एवढी कारागिरी दाखवणारा रॅपर मला अजून भेटायचा आहे.)

तर पाहणारा धातू गळून पडला आणि नुसता उपसर्ग क्रियापद होऊन बसला. ‘अपमान’मधला ‘मान’ टाकून देऊन ‘तिनं त्याला भर सभेत अपलं’ म्हणावं, तसं. व्याकरणानं डोळे वटारावेत असा प्रकार आहे, आणि मला तो फार आवडतो.

पण हा ‘डिस्’ उपसर्ग आला कुठून? इथे लगेच कुणीतरी हात वर करतं: ‘द्वेष’वरून! व्हॉट्सॲपवर ही व्युत्पत्ती पक्की होऊन बसली आहे. नाही हो. इंग्रजीनं तो लॅटिनकडून घेतला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अलग, फुटून, दोन वाटांनी. आणि त्याचं मूळ ‘द्विस्’ असं लावतात. संस्कृतातलं ‘द्विः’, म्हणजे दोनदा, हा त्याचा भाऊ. म्हणजे ‘डिस’च्या पोटात द्वेष नाही, दोन आहे. याच ‘द्विस्’मधला ‘द’ गळून लॅटिनमध्ये ‘बिस’ही झालं, दोनदा या अर्थाचं. आपण ‘वन्स मोअर’ ओरडतो तिथे फ्रेंच प्रेक्षक अजून ‘बिस’ ओरडतात. आणि प्राकृतातही ‘द्वे’चा ‘द’ तसाच गळून ‘बे’ उरला, तो आपल्या पाढ्यात रोज म्हटला जातो. एवढ्या लांबच्या दोन घरांत एकाच अक्षरानं तसाच पळ काढावा, हे पाहिलं की माझा दिवस चांगला जातो.

पाढ्यावरून आठवलं, आणि खरं मला इथेच यायचं होतं. मराठीत दुसऱ्याचे दोष चव्हाट्यावर मांडायला शब्द उदंड आहेत. वाभाडे काढा, उखाळ्यापाखाळ्या काढा, पिसं काढा. पण ‘डिस’ला नात्यानं जवळचा एकच: उणीदुणी. ‘दुणी’ हा नुसता नादासाठी चिकटवलेला शब्द, ‘उरलंसुरलं’मधल्या ‘सुरलं’सारखा, असं ठासून सांगणारे जाणकार पुष्कळ भेटतात. ‘बे दुणे चार’ घोकून मोठ्या झालेल्या माणसांनी ‘दुणे’ला निरर्थक म्हणावं, ही कमालच आहे. ‘उणं’ म्हणजे कमी, संस्कृत ‘ऊन’. ‘दुणं’ म्हणजे दुप्पट, ‘द्विगुण’. माझ्या मते उणीदुणी काढणं म्हणजे समोरच्याचं जे उणं आहे ते दुणं करून सांगणं. पटत नसेल तर कोणतंही शेजारचं भांडण पाच मिनिटं ऐका. ‘वेळेवर पैसे दिले नाहीत’ एवढ्यापासून सुरू झालेलं प्रकरण ‘तुमच्या घराण्यात कधी कुणी दिलेत?’पर्यंत येतंच. आणि मग ‘डिस’मधलं दोन आणि ‘दुणी’मधलं दोन एकाच घरचे निघतात. हा माझा हट्ट आहे असं म्हणणाऱ्यांनी ‘सुरलं’चा अर्थ आधी सांगावा, मग ‘दुणी’बद्दल बोलू.

माझ्या बाजूनं साक्ष द्यायला एक अमेरिकन न्यायालयही आलं आहे. २०२४च्या वसंतात केंड्रिक आणि ड्रेक यांनी एकमेकांवर गाण्यांची सरबत्ती केली. ३ मे रोजी तर काही तासांच्या अंतरानं इकडून एक, तिकडून एक. दुसऱ्या दिवशी आलेल्या केंड्रिकच्या ‘नॉट लाइक अस’ या गाण्याला पुढच्या फेब्रुवारीत पाच ग्रॅमी मिळाले. ड्रेकनं बदनामीचा दावा लावला, तोही केंड्रिकवर नव्हे, तर दोघांचीही गाणी वितरित करणाऱ्या युनिव्हर्सल म्युझिक ग्रुपवर. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. रॅपच्या अशा तापलेल्या झुंजीत ऐकणारा माणूस जे ऐकतो ते पडताळून घेतलेली वस्तुस्थिती म्हणून घेत नाही, मत आणि अतिशयोक्ती म्हणून घेतो, असा एकूण आशय. म्हणजे उणं दुणं करून सांगायचं, हा या प्रकाराचा रिवाजच आहे, हे कोर्टात मान्य झालं. मराठी येत असतं तर न्यायाधीशबाईंचं काम एका शब्दात भागलं असतं.

‘कलगीतुरा म्हणा की’ असं सुचवणारे येतीलच. वर्तमानपत्रांनी दोन पुढाऱ्यांच्या तू-तू-मैं-मैंला ‘कलगीतुरा रंगला’ म्हणून म्हणून त्या शब्दाची रया घालवली आहे. कलगीवाले शक्ती थोर म्हणणार, तुरेवाले शिव थोर म्हणणार, आणि सवाल-जवाबात समोरच्याला निरुत्तर करायचं, भांडण तत्त्वाचं. कोकणातल्या शक्ती-तुऱ्यात वैयक्तिक चिमटे भरपूर निघतात, पण गण-गवळण आधी झाल्याशिवाय नाही. त्यापेक्षा सिंधुदुर्गातली डबलबारी जास्त जवळची. दोन भजनीबुवा, दोघांच्या पेट्या, दोघांचे पखवाज, आणि आळीपाळीनं बारी. अभंग म्हणता म्हणता समोरच्या बुवांच्या आवाजाची, तालाची, पाठांतराची अशी काही संभावना होते की मंडप उसळतो, आणि ते बुवा आपल्या बारीची वाट बघत शांतपणे पान लावत असतात. ‘डबल’मध्येही तेच लॅटिन दोन आहे, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पण डबलबारी हा अख्खा सामना झाला. डिस ट्रॅक ही त्यातली एक बारी. तेव्हा प्रतिशब्दच पाहिजे असेल तर ‘उण्यादुण्याचं गाणं’ म्हणा. मथळ्यात मावत नसेल तर सरळ ‘डिस ट्रॅक’ लिहा, मराठी तेवढ्यानं बुडत नाही. फक्त ‘डिस्’ असा पाय मोडून लिहू नका, आणि ‘विडंबनगीत’ तर नकोच नको.