चाचणीचे पैसे कोणी द्यायचे होते?

पत्र

ताई, आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत राहतो. माझे मोठे दीर याच सोसायटीत पलीकडच्या विंगमध्ये राहतात. कोरोनाच्या काळात माझे यजमान सोसायटीचे सचिव होते आणि सरकारचे सगळे नियम त्यांनी काटेकोरपणे पाळून घेतले. भावजींनी मात्र शेवटपर्यंत लस घेतली नाही. लोकलचा पास दोन डोस घेतलेल्यांनाच मिळू लागला, तेव्हा ते रोज स्वतःच्या गाडीने अंधेरीला ऑफिसला गेले, पण हट्ट सोडला नाही. तेव्हापासून दोघे भाऊ धड बोलत नाहीत. 2024 मध्ये कोविशिल्डच्या दुष्परिणामांची बातमी आली आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा भडका उडाला. आता मुलीचा साखरपुडा ठरला आहे आणि ‘त्याने चूक कबूल केल्याशिवाय मी येणार नाही,’ असे भावजी म्हणतात. त्या काळाने आमचे फार नुकसान केले. महिना 2,500 रुपयांत भांडी-लादी करणाऱ्या, दोन बस बदलून दिव्याहून येणाऱ्या आमच्या मावशीही तेव्हा चाचणीच्या पैशांवरून काम सोडून गेल्या; कामवाल्यांनी स्वखर्चाने कोरोना चाचणीचा अहवाल आणावा, असा सोसायटीचा ठराव होता आणि अहवाल नाही म्हणून त्यांना गेटवरून परत पाठवले होते. माझ्याच वयाच्या, चाळिशीतल्या होत्या. आता समोरच्या इमारतीत कामाला येतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. असो. दोघा भावांपैकी बरोबर कोण, ते तुम्ही सांगा. मी उत्तर दोघांना वाचून दाखवीन.

— एक वाचक, ठाणे

उत्तर

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते फार लांब नाही. 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या वादावर निकाल दिला. लस घेण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. सरकारचे लसीकरणाचे धोरण मनमानी नाही, असेही त्याच निकालात म्हटले. आणि तेव्हाची रुग्णसंख्या पाहता लस न घेतलेल्यांवरची बंधने प्रमाणाबाहेरची असल्याने ती मागे घ्यावीत, असे सुचवले. यातले सोयीचे तेवढे वाक्य प्रत्येक भाऊ पाठ म्हणत असणार. कोविशिल्डचे म्हणाल, तर रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा तो अत्यंत विरळ दुष्परिणाम युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल 2021 मध्येच जाहीर केला होता. 2024 मध्ये ही लस विकसित करणाऱ्या ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात तो मान्य केल्याची बातमी झाली, एवढेच. तरुणांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2023 मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही लसीमुळे असा धोका वाढल्याचे आढळले नाही. माझ्या मते लस घेणे शहाणपणाचे होते आणि भावजींनी ती घ्यायला हवी होती. हे त्यांना जरूर वाचून दाखवा.

पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडकले आहे. मावशी चाचणीच्या पैशांवरून काम सोडून गेल्या, असे लिहून तुम्ही लगेच भावांच्या भांडणाकडे वळलात. मला तसे वळता आले नाही.

एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारचे ‘ब्रेक द चेन’ निर्बंधांचे आदेश निघाले, तेव्हा इमारतीत नियमित येणाऱ्या माणसांची, त्यांचे लसीकरण होईपर्यंत, आरटीपीसीआर चाचणी करून घ्यावी, अशी सूचना सोसायट्यांना होती. ही चाचणी खासगी प्रयोगशाळेत तेव्हा किमान 500 रुपयांना पडत होती. मार्चअखेरीस राज्य सरकारने दर उतरवून तो आकडा ठरवला होता. दर पंधरवड्याला अहवाल मागायचा म्हटले, तर महिन्याला 1,000 रुपये होतात, म्हणजे मावशींच्या 2,500 रुपयांतले 1,000. महापालिकेच्या केंद्रावर चाचणी मोफत होत होती, हे यजमान सांगतील आणि ते खरेही आहे. मात्र तिथे रांगेत गेलेला अर्धा दिवस आणि अहवाल येईपर्यंतचे खाडे कोणाच्या पगारातून जाणार होते, याचा विचार ठराव करताना कोणी केला असेल, असे तुमच्या पत्रावरून वाटत नाही. चाचणी करून घ्या, असे सरकारने सांगितले होते. तिचा भार जिची मिळकत सर्वांत कमी तिच्यावर टाकायचा, हे तुमच्या दिवाणखान्यात ठरले.

लस घेऊन मावशींना यातून सुटता आले असते का, तेही बघू. त्या पंचेचाळिशीच्या आतल्या असतील, तर त्यांना 30 एप्रिलपर्यंत लस घेण्याची परवानगीच नव्हती, कारण तोवर ती 45 वर्षांवरच्यांसाठी होती. 1 मेपासून 18 वर्षांवरच्यांना दार उघडले, पण कोविन या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करून, आणि तिथले स्लॉट काही क्षणांत संपत, हे तुम्हालाही आठवत असेल. मेच्या मध्यावर साठाच नसल्याने महाराष्ट्राने या वयोगटाचे लसीकरण थांबवले. 21 जूनला केंद्राची मोफत लस सर्व प्रौढांसाठी खुली झाली. समजा, मावशींना त्याच दिवशी पहिला डोस मिळाला. कोविशिल्डच्या दोन डोसांमध्ये तेव्हा किमान 84 दिवसांचे अंतर होते, म्हणजे दुसरा डोस सप्टेंबरच्या मध्यावर, आणि त्यानंतर 14 दिवस गेल्यावर लोकलचा पास. तोपर्यंत दिव्याच्या फलाटावर त्यांना पाऊल ठेवता येत नव्हते, म्हणून तर त्या मुंब्रा-कळव्याच्या रस्त्याने दोन बस बदलत होत्या. इतक्या लांबून ज्या बाईने तुमची भांडी चुकवली नाहीत, तिला तुमच्या गेटवर कागद नाही म्हणून परत पाठवण्यात आले.

आणि त्याच गेटमधून भावजी रोज आत येत होते. ते पंचेचाळिशीच्या पुढचे असतील, तर 1 एप्रिलपासून त्यांना लस मिळत होती. त्यांनी ती स्वतः नाकारली होती आणि रोज अंधेरीला जाऊन चार माणसांत बसून परत येत होते. त्यांच्याकडे वॉचमनने कधी अहवाल मागितल्याचे तुमच्या पत्रात नाही. मागितला असता, तर त्या भांडणाचे वर्णन तुम्ही पानभर केले असते. चाचणी निगेटिव्ह आली, याचा अर्थ नमुना घेतला त्या दिवशी विषाणू सापडला नाही, इतकाच असतो. पंधरा दिवस जुना कागद मावशींच्या बाबतीत तुमचे रक्षण करणार होता आणि भावजींच्या बाबतीत त्याची गरज नव्हती, हे कोणत्या शास्त्रात बसते? हा आजार महाराष्ट्रात आला तो विमानाने. मार्च 2020 मधले पहिले रुग्ण दुबईहून परतलेले पुण्याचे जोडपे होते. तरीही वर्षभराने आपल्या सोसायट्यांच्या गेटवर संशय घेतला गेला तो भांडी घासणाऱ्यांचा, गाड्या पुसणाऱ्यांचा आणि कचरा नेणाऱ्यांचा. याचा मला आजही राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

एक भाऊ स्वातंत्र्याची बाजू घेतो, दुसरा शिस्तीची. इतकी वर्षे दोघे भांडत आहेत, पण भावजींना त्या स्वातंत्र्याची किंमत पेट्रोलपुरती मोजावी लागली आणि यजमानांना त्या शिस्तीची काहीच नाही. सक्तीविरुद्ध इतके बोलणाऱ्या भावजींनी मावशींवरच्या सक्तीविरुद्ध कमिटीला एक पत्र दिले असते, तर त्यांच्या तत्त्वाला मी मान दिला असता. तुम्हालाही यातून वगळता येत नाही. ठराव यजमानांचा होता, पण मावशी तुमच्या घरच्या होत्या. 500 रुपये तुमच्या पर्समधून काढून त्यांच्या हातावर ठेवायला कोणत्याही कमिटीची मंजुरी लागत नव्हती. त्या समोरच्या इमारतीत येतात आणि तुमच्याकडे बघत नाहीत, हे तुम्ही लिहिलेत, म्हणजे ते तुम्हाला टोचते आहे. टोचू द्या.

साखरपुड्याची यादी बाजूला ठेवा आणि येत्या रविवारी दिव्याला मावशींच्या घरी जा. त्या कामावर असताना समोरच्या इमारतीच्या गेटवर त्यांना गाठू नका. तिथे त्यांना मोकळेपणाने बोलता येणार नाही. यजमानांना बरोबर न्या, कारण ठरावाखाली सही त्यांची आहे. तुमचे काम सुटल्यावर दुसरे काम मिळेपर्यंत किती महिने गेले, ते त्यांना विचारा आणि तेवढ्या महिन्यांचा पगार पाकिटात घालून द्या. चाचणीचा खर्च आम्ही करायला हवा होता, तुम्हाला अडवले ही आमची चूक झाली, एवढेच यजमानांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे. तेव्हा परिस्थितीच तशी होती, हे वाक्य कोणीही उच्चारू नये. परत कामाला या, असे म्हणू नका. साखरपुड्याचे आमंत्रण सोबत नेऊ नका. तुमच्या घरच्या कार्यासाठी त्यांची क्षमा हवी आहे, असे त्यांना क्षणभरही वाटता कामा नये. त्यांनी पैसे नाकारले किंवा दोन शब्द सुनावले, तर ऐकून घ्या आणि परत या.

भावजींना यजमानांनी चूक कबूल करायला हवी आहे ना? त्यांच्या दारात कबूल करावी अशी चूक मला दिसत नाही. जी झाली ती कुठे कबूल करायची, ते वर लिहिले आहे. भावजींना साखरपुड्याची तारीख आणि वेळ एकदा कळवा आणि पुन्हा विनवणी करू नका. यायचे असेल तर येतील.